दोनशे साठ खुणा

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मिरजेच्या एका रुग्णालयात इस्माईल शिकलगार यांचे छातीतले कृत्रिम हृदययंत्र नवी संगणकप्रणाली भरण्यासाठी थांबवण्यात आले आणि रक्ताभिसरण बाहेरच्या पंपावर गेले. काम वीस मिनिटांचे होते. नऊ एकोणतीसला प्रणाली भरणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर एक सूचना आणि दोन बटणे उमटली. मजकूर मराठी असायला हवा होता. दिसत होते रोमन अक्षरांचे आणि डॉलर-टक्क्याच्या खुणांचे कडबोळे.

बारानंतर पंपामुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका होता. कंपनीचा मदतकक्ष साडेबाराला उघडणार होता.

"एक बटण तालस्मृती ठेवतं, दुसरं पुसतं," अभियंता मृण्मयी पाटणकर म्हणाली. कुठल्या श्रमाला किती ठोके, हे यंत्र सात वर्षांत शिकले होते. ते पुसले, तर जिना चढणेही जिवावर बेतले असते.

"मॅडम, मी पोरांना पोहायला शिकवतो," शिकलगार पलंगावरून म्हणाले. "माझ्या काळजाला परत बालवाडीत घालू नका."

"भाषा बदला ना," डॉ. हर्षद कोरगावकर म्हणाले.

"मध्येच बदलली तर सगळंच कोरं होतं. आणि बिघाड तसा नाहीच, डॉक्टर. संगणक अक्षर नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. आकार फॉन्ट देतो. जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरले होते. भाषांतर तशा फॉन्टात टाइप झालंय, तो फॉन्ट या यंत्रात नाही. म्हणून खालचं रोमन उघडं पडलं. मजकूर शाबूत आहे."

"पण वाचणार कोण?"

मृण्मयीने सोलापूरला आत्याला फोन लावला; तो लागायला अकरा वाजले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या लीला वायचळ यांनी तीस वर्षे याच फॉन्टात लग्नपत्रिका टाइप केल्या होत्या.

"सांग एकेक. लहान-मोठं नीट सांग हं, मृण्मे."

समोर कळफलक नव्हता. आत्यांची बोटे टेबलावर चालत होती, टकटक फोनवर ऐकू येत होती. दोनशे साठ खुणा. एकही त्यांनी पुन्हा विचारली नाही. उलट भाचीलाच दोनदा अडवले. "तिथे लहान 'जे' असणार. चष्मा लाव." लहान 'जे'च होता.

अकरा अडतीसला त्या म्हणाल्या, "दोन्ही बटणांवर एकच शब्द आहे. 'पुढे'."

"असं कसं?"

"सूचना ऐक. 'या दोन बटणांची मूळ वाक्ये मला दिलेल्या यादीत नाहीत. चुकीचे लिहिण्यापेक्षा दोन्हीकडे पुढे लिहिले आहे. खुलासा मागवला आहे. तोपर्यंत हे वापरू नये. भारती कवठेकर, भाषांतरकार.' खाली दहा आकडे आहेत."

"आणि तरी वापरलं!" कोरगावकर म्हणाले.

"कंपनीत कुणाला हे वाचताच आलं नसणार," मृण्मयी म्हणाली. तिने तो क्रमांक लावला.

अकरा एकोणपन्नासला फोन उचलला गेला. मृण्मयीने चार वाक्यांत सगळे सांगितले.

"खुलासा आला होता, पण सहा महिन्यांनी," पलीकडून भारतीबाई म्हणाल्या. "वरचं कुठलं, खालचं कुठलं, वहीत उतरवून ठेवलंय. फोन ठेवू नका."

अकरा त्रेपन्नला फोनवर पाने उलटल्याचा आवाज येत होता.