रिकामी नाव मागून दबलेली

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दिवसाची आहे, म्हणून भास झाला म्हणून सोडूनही देता येत नाही. रंगनाथमामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, यांनी गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावून ती मला सांगितली.

सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

साल त्र्याहत्तर, भादव्याचा महिना. दुष्काळ सरला होता. मुळेच्या धरणात पुन्हा पाणी आलं होतं आणि उन्हात पालथ्या पडलेल्या जुन्या नावांना गिऱ्हाइकं यायला लागली होती.

माझा मावसभाऊ गोरक्ष तेव्हा चोवीस वर्षांचा. नुकतं लग्न झालेलं. दुसऱ्याच्या नावेत बसून जाळं टाकायचा त्याला कंटाळा आला होता. नेवाशाकडं प्रवरेकाठी श्रीमंत नावाच्या एका म्हाताऱ्याची नाव विकायची आहे, असं कळलं. गोरक्ष मामांना घेऊन निघाला.

आमच्या भोई आळीत मामांनी पाहिल्याशिवाय कुणी जुनी नाव घेत नसे. मामा फळीन् फळी बोटाच्या पेरानं वाजवत. भरीव वाजली तर ठीक, बद्द वाजली तर खिळा टोचून बघत. नवं डांबर दिसलं की तिथंच खरवडत, कारण डांबराखाली माणूस कूज लपवतो. तळाच्या फळ्या उचलून वास घेत.

"मामा, नाव बघताय का सोयरीक?" गोरक्ष हसला.

"सोयरीक मोडता येती रं. मधल्या पाण्यात नाव मोडली तर कुनाला सांगशील?"

लाकूड खणखणीत निघालं. दोनच गोष्टी राहिल्या.

एक, रिकामी नाव पाण्यात सोडून पान चघळून होईस्तोवर तिच्याकडं बघत राहायचं. दुसरी, मालकाला सरळ विचारायचं, का विकतोस?

नाव पाण्यात सोडली. मामांनी नावेच्या काठापासून पाण्यापर्यंत वीत लावली.

पुढं दोन विती.

मागं... एकच.

मामा वाकून बघायला लागले. आत पाणी नव्हतं, दगड नव्हता. लाकूडही दोन्हीकडं सारखंच होतं. तरी मागचं टोक दबलेलं. तिथं कुणी मांडी घालून बसल्यासारखं...

श्रीमंत नावेकडं बघत नव्हता. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

आणि तेवढ्यात देवळात मृदंगावर थाप पडली.

त्या गावात सप्ताहाची सांगता होती. काल्याचं कीर्तन, आणि उभे राहणारे बुवा मामांचे फार आवडते. टाळ ऐकला की मामांचा पाय घरात ठरत नसे. बुवांचं पहिलं निरूपण चुकलं तर दिवस वाया गेला म्हणायचे.

"मामा, कशी हाय?" गोरक्षनं विचारलं.

मामांनी एकदा मागच्या टोकाकडं पाहिलं. एकदा देवळाकडं.

"चांगली हाय. घे."

कीर्तनात मामा रडले. हातावर काला घेतला, बुवांच्या पाया पडले. "देवाच्या दारात उभा हुतो आन् पोराला खोटं सांगून आल्तो," मामा मला म्हणाले.

आठ दिवसांनी गोरक्ष मामांकडं आला. ओट्यावर चार माणसं बसली होती.

"मामा, नाव मागं लई जड लागती. मी एकटा पुढं असलो तरीबी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चौघांदेखत काय सांगणार? बघूनही बोललो नाही म्हणून?

"तुझा हात नवा हाय," मामा म्हणाले. "आधी वल्हं मारायला शीक."

"बायको बसवून नेत असंल मागं!" कुणीतरी बोललं. सगळे हसले.

गोरक्षही हसला. मामांचा शब्द त्यानं कधी मोडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा कुणाला न सांगता धरणावर गेले. नाव बांधलेली होती. वारा पडलेला. पाणी ताटात वाढल्यासारखं निवांत.

मामा पुढच्या टोकाला जाऊन बसले. आता पुढचं टोक दबायला हवं होतं.

मागचंच खाली होतं.

टप...

टप...

भिजलेल्या धोतरातून पाणी गळतं तसं. पण तळ कोरडा होता.

मागं वळून बघायचा धीर झाला नाही. मामांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं नामाचा गजर सुरू केला. दोनदा नाम घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं...

आणि मागून कुणीतरी टाळी धरली.

बरोबर तालात. ओल्या हातांची.

मामा काठावर कसे आले, त्यांना आठवत नव्हतं. घरी येऊन पांघरूण घेऊन पडले. गोरक्षला सांगायला उठले, पुन्हा बसले. सकाळी सांगू, म्हणाले.

सकाळी ते जाईपर्यंत गोरक्ष निघून गेला होता.

दुपारी नाव एकटीच काठाला लागली. आत थेंबभर पाणी नाही. जाळं घडी घालून ठेवलेलं. गोरक्ष तिसऱ्या दिवशी पाण्यात सापडला.

मामा श्रीमंतकडं गेले. तो एवढंच बोलला, "तुमी इचारलं न्हाई. म्या सांगितलं न्हाई."

महिन्याभरानं राहात्याकडचा एक माणूस ती नाव घ्यायला आला. गोरक्षची बायको छबूबाई काठावर उभी होती. लोकांनी मामांनाच बोलावलं.

"काय सरळ बसलीय हो!" गिऱ्हाईक खूश झालं.

मामांनी वीत लावली.

मागं एक.

पुढंही... एकच.

मामा छबूबाईकडं वळले. सगळ्यांसमोर बोलले. "पोरी, मी त्याच दिवशी बघितलं हुतं. कीर्तनाची घाई हुती म्हनून बोललो न्हाई. तुझा नवरा माझ्या शब्दावर गेला."

गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. छबूबाईनं शिवी दिली नाही, रडलीही नाही. पुढच्या टोकाकडं बघत राहिली. मग दोरी सोडली आणि मधल्या फळीवर जाऊन बसली.

"जा मामा तुमी. मी एकटी न्हाई."

तिनं ती नाव विकली नाही. वर्षानुवर्षं तीच वल्हवली.

मी तिला त्या नावेत एकदाच पाहिलं, मामा गेल्यानंतर. ऐन दुपारी ती मासळी घेऊन येत होती. कुणाशी तरी हळू बोलत होती, मध्येच हसली. मला बघून नाव काठाला घेतली.

"या की भावजी, पल्याड सोडते. बसा पुढं." मग पुढच्या टोकाकडं वळून म्हणाली, "सरका वाईच."

नाव... हलली.

"भावाला काय भ्यायचं?" छबूबाई म्हणाली.

गोरक्षनं मला पोहायला शिकवलं होतं. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो होतो.

मी रस्त्यानं जातो म्हणालो. आणि मागं वळून न बघता चालू लागलो.