पायरीवरची मूठ

जो दाण्यात अंकुर होऊन निजतो आणि भाकरीत तृप्ती होऊन जागतो, त्या विठ्ठलाच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. श्रोतेहो, समई थोडी पुढे घ्या, मग सांगतो.

बऱ्हाणपुरात, लालबागेत, रेल्वेच्या कुंपणाला लागून आमची पिठाची चक्की एकशे चार वर्षे उभी होती. मालगाडी गेली की भिंतींवरचे पीठ अंगावर झडे. "घ्या, देवाने भस्म लावले," असे आजोबा सुकलाल म्हणत. आधी तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटर. दगड मात्र तेच राहिले. निंबोल्यापासून इच्छापुरापर्यंत आमच्या पिठाचे नाव होते. मला याचा अभिमान आहे आणि तो मी देवापासूनही लपवत नाही.

त्याहून मोठा अभिमान एका नियमाचा. मूठभर धान्यही आमच्या दारातून न दळता परत जात नाही.

या नियमामागे आजोबांची चूक होती. चक्की नवी असताना, एका दुष्काळी साली, गाडीतून उतरलेली एक बाई पदराच्या गाठीत मूठभर ज्वारी घेऊन आली. आजोबा म्हणाले, "एवढे दाणे तर दगडच गिळेल, बाई. पायलीभर आण." बोलणे खरे होते. पण सकाळी ती पायरीवर निष्प्राण सापडली. गाठ तशीच होती. आजोबांनी गाठ तिच्या छातीवर ठेवली आणि स्वतः अग्नी दिला. पुढे कोणी मूठभर दळण आणले की ते आधी घरची ज्वारी घालून दगडाचे पोट भरीत आणि त्या माणसाला मुठीहून अधिक पीठ देत.

गेल्या वैशाखात रुळांची नवी जोडी आमच्या जागेवरून जायचे ठरले. आता माझी नात तेजस्विनी चक्की चालवते. तिने निंबोला रस्त्यावर जागा घेतली. शेवटच्या दुपारी मी जुन्या चक्कीतला देव्हारा आणायला गेलो. मोटर आदल्या दिवशीच हलली होती. आत तेजस्विनी होती आणि चाळीस वर्षे आमचे पीठ चाळणाऱ्या धुरपदाबाई. घरचा दाणा एकही उरला नव्हता.

एकाएकी करपलेल्या कापडाचा वास आला.

"भाऊ… एवढं दळून देतो का?"

पायरीवर एक बाई उभी होती. पदर ओठांपर्यंत ओढलेला. हातात पदराची गाठ… मुठीएवढी.

तेजस्विनी मृदूपणे म्हणाली, "मावशी, मोटर तो निकल गई. आज बंद आहे."

"बंद…?" एवढेच बोलून ती पायरीवर बसली.

शंभर वर्षे राखलेला शब्द शेवटच्या दुपारी मोडणार होता. मी म्हणालो, "चाक हाताने ओढू."

"आबा, आत्ताच तर खांद्याचं ऑपरेशन झालंय तुमच्या!"

धुरपदाबाईंनी पदर खोचला. "देव्हारा उचलताना मालकांचा खांदा दुखत होता. आता बरा झाला वाटतं!"

बाईने उठून स्वतः गाठ सोडली आणि दाणे दगडावरच्या पेटीत ओतले. ते मी या डोळ्यांनी पाहिले. आम्ही तिघांनी चाकाचा पट्टा ओढला. दगड कुरकुरला, फिरला. पण त्याचे पोट भरायला आमच्याकडे काहीच नव्हते. पाच फेरे झाले… दहा झाले… पीठ येईना.

"आबा… दगडानेच गिळलं," तेजस्विनी कुजबुजली.

आजोबांचेच शब्द तिच्या तोंडून आले. मी नाम घेत ओढत राहिलो. मग पीठ पडू लागले. पांढरेशुभ्र, गरम. मूठ झाली, शेर झाला, परात भरली. आमचे हात केव्हाच सुटले होते… दगड फिरतच होता. मालगाडी धडधडत गेली, भिंतींवरचे पीठ झडले, तेव्हा तो थांबला.

पायरी रिकामी होती.

अन्न टाकवेना. त्या संध्याकाळी भाकऱ्या करून नैवेद्य दाखवला. घरच्यांनी खाल्ल्या, फलाटावरच्या भुकेल्यांना वाटल्या. तशी गोडी मी जन्मात चाखली नव्हती. आजोबांची चूक धुतली गेली, असे वाटून माझी मान ताठ झाली.

दगडांची जोडी न उघडता तशीच नव्या जागेत नेली होती; आठवड्याने टाकी लावण्यासाठी, म्हणजे छिन्नीने खाचा पाडण्यासाठी, वरचा दगड उचलला. दोन दगडांच्या मधोमध एक गाठ होती. जुन्या लुगड्याची, एक कोपरा जळालेला. तेजस्विनीने ती सोडली. आत मूठभर ज्वारी होती. एकही दाणा फुटलेला नव्हता.

मग त्या दिवशी आम्ही दळले ते काय, आणि खाल्ले ते काय… मला अजून उमगलेले नाही. ती गाठ मी देव्हाऱ्यात ठेवली आहे. हात लावला की ती गरम लागते.

श्रोतेहो, तुम्हा सर्वांच्या घरी दाणा अक्षय राहो, चूल पेटती राहो, लेकरे तृप्त निजोत. आणि पदर ओढलेली कोणी तुमच्या पायरीवर बसलीच, तर आधी तिची मूठ दळून देण्याची बुद्धी पांडुरंग तुम्हाला देवो. नाव मागाहून विचारा.