पडद्यापलीकडची बाळंतीण

ए मानस, तो मोबाइल ठेव आधी. आमच्या ऑफिसातले दौलतराव होते ना, त्यांच्या मुलीची, शलाकाची ही गोष्ट. खोटी वाटली तर तोंडावर सांगा भिया, मला राग नाही.

दोन हजार पंचवीस, अकरा जानेवारी, शनिवार. रात्रीचे पावणेदोन. शलाकाचा नवरा अश्विन गरम पाण्याचा थर्मास आणायला छत्रीबागेत घरी गेलेला. तसंही लेबर रूममध्ये पुरुषांना सोडतच नाहीत. नऊ नंबरच्या पलंगावर ती एकटी कळा देत पडलेली. दवाखान्याचं नाव विचारू नका.

"सिस्टर, ते कमरेतलं इंजेक्शन द्या ना. हे दुखणं काहीतरी वेगळंच आहे हो."

"पहली बार सबको ऐसा ही लगता है. अभी बहुत टाइम है," म्हणत सिस्टर निघून गेली.

पडद्यापलीकडे मात्र काय थाट! कुणी म्हातारी बाई विचारत होती, "चंपा, कुठं दुखतंय बेटा? कंबर चोळू? सांग, मी ऐकतेय." तेल चोळल्याचा आवाज येत होता. शलाकाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिचेच एवढे लाड का? मला साधा हात लावायला कुणी नाही! कळ बाजूलाच राहिली, तिला त्या चंपाचाच राग सहन होईना. शेवटी ती ओरडली, "तिचं पुरे झालं! आता माझ्याकडे या!"

चोळणं थांबलं.

पडदा हलला नाही. पोटावर हात आला… गार. दिसलं कुणीच नाही.

"कळ मधे थांबते का गं?"

हे इतक्या वेळात कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही… थांबतच नाही…"

हात उठला. मग दुसरा आवाज. अगदी उशाशी.

"बाई… माझं अजून झालं नाही… तिच्याकडे का गेलात?"

शलाकाने डोळे गच्च मिटले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई धावत आल्या, केस मोकळे, चप्पल एकाच पायात. "किसने दरवाज़ा पीटा? नौ नंबर का दर्द रुक नहीं रहा, कौन बोल के गया?"

"मॅडम, हममें से तो कोई नहीं गया," सिस्टर म्हणाली.

बाळाची वार जन्माआधीच आतल्या आत सुटत आली होती, म्हणून कळ थांबत नव्हती. दहा मिनिटं उशीर झाला असता तर आई नाही, बाळ नाही. लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, खणखणीत रडली.

सकाळी वॉर्डात फरशी पुसायला चिंतामण आला. शलाका म्हणाली, "भैया, लेबर रूममधल्या पडद्यापलीकडच्या चंपाला माझी माफी सांगा. तिची बाई मी ओढून घेतली."

चिंतामणच्या हातातलं फडकं पडलं.

"बाईजी, वो पलंग तीन साल से खाली है. चंपा थी… रात भर चिल्लाई, किसी ने नहीं सुना. बस बूढ़ी दाई द्वारकाबाई पास बैठी थी, पर उसकी भी कौन सुनता? माँ-बच्चा दोनों गए. अब द्वारकाबाई भी नहीं रही."

शलाकाने घाबरून लेकीला जवळ ओढलं. बाळाच्या मनगटावर दवाखान्याचा प्लास्टिकचा नावपट्टा. जन्मल्याबरोबर सिस्टरने स्वतःच्या हाताने शलाकाचं नाव लिहून, तोवर परत आलेल्या अश्विनला दाराबाहेर वाचून दाखवून बांधलेला. कात्रीशिवाय तो निघत नाही.

त्यावर आईचं नाव होतं…

चंपा.