हिरव्या दाराचा जिना

रंगनाथ थर्माकोलचे देखावे करायचा. भद्रकालीपासून पंचवटीपर्यंत त्याचा हात लागला नाही असं गणेश मंडळ नाशकात शोधून सापडलं नसतं. ताजमहाल झाला, आयफेल टॉवर झाला. २००६ साली शेखरच्या मंडळाला काय हुक्की आली कोण जाणे, म्हणे अर्जेंटिनाची राजधानी पाहिजे! ब्यूनोस आयर्स. खुद्द अध्यक्ष शेखरला ते नाव धड म्हणता येत नव्हतं. त्यानं जुन्या कॅलेंडरचं एक पान आणून दिलं. नजर पुरणार नाही एवढा रुंद रस्ता, मधोमध उंच पांढरा स्तंभ, दुतर्फा भल्यामोठ्या इमारती. पानाचा डावा कोपरा फाटलेला होता.

"फाटलंय तिथं मनानं काहीतरी ठोका, रंगनाथदादा," शेखर म्हणाला. "कोण चाललंय तिकडं बघायला?"

रंगनाथनं ठोकलं. एक दुमजली घर, बाहेरून जिना, जिन्यावर हिरवं दार.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम चालायचं. त्याची बायको सिंधू खिडक्यांना रंगीत कागद लावायची, बल्ब जोडायची. वीस वर्षं हेच. सगळ्या जगाच्या खिडक्या तिनं चिकटवल्या, पण चांदवडचं माहेर सोडलं तर बिचारीनं एक गाव पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी जाऊ, असं रंगनाथ दरवर्षी म्हणायचा.

त्या घराकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"तिसरी पायरी तुटकी हाय त्याची," ती म्हणाली. "तुम्ही धड केलीत."

"अगं बाई, तू काय जाऊन आलीस की काय?"

ती हसली नाही. तुटलेला चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधत बसली.

दुसऱ्या दिवशी तिसरी पायरी तुटलेली होती. मेले उंदीर, म्हणत रंगनाथनं ती चिकटवली. संध्याकाळी पुन्हा तुटलेली.

तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता. दुपारी दोनला वीज गेली की पाचला यायची. एका दुपारी वीज गेली, शेडमध्ये अंधार झाला, आणि त्या घराच्या वरच्या खिडकीत पिवळा दिवा तसाच राहिला. रंगनाथनं खालचा पुठ्ठा उचलून पाहिला. त्या खिडकीला वायरच जोडलेली नव्हती.

तो सामान आणायला शालिमारच्या बाजारात गेला की सिंधू शेडमध्ये जायची. परत येऊन बघावं तर शेड रिकामी. मग थोड्या वेळानं ती तिथूनच बाहेर यायची, धापा टाकत. ऑगस्टचा उकाडा, आणि तिचे हात गारठलेले. एकदा तिच्या पदराला गुलाबी पाकळी चिकटली होती. अंगणात तसलं झाड नव्हतं.

"कुठं होतीस?"

"रस्ता एका दमात वलांडता येत नाय हो. मधी थांबावं लागतं. गाड्या लय."

"सिंधू, मला भीती वाटते गं. नको जाऊस."

"येते की परत." मग जरा थांबून म्हणाली, "घर चांगलं हाय ते. दोन खोल्या हायत. कुणी ऱ्हात नाय."

त्या वाक्यानं रंगनाथ हादरला. ती गेली तर त्याला दुसरं होतं कोण? गणपती बसायला दोन दिवस उरले होते. सबंध घर पाडलं तर शेखर बोंबलला असता. पण जिनाच नसला तर ही वर चढणार कशी?

दुपारी, वीज जायच्या आत, त्यानं कापायची तार तापवली. शेडमध्ये कुणी नव्हतं. थर्माकोलचा करपट वास सुटला. एकेक पायरी गळून पडली. आता कुठं त्याला हायसं वाटलं.

तो घरात आला. "सिंधू!"

चहा गाळून झाकून ठेवलेला होता.

शेजारच्या लताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "सिंधूताई? मघाशीच शेडात गेल्या की. तुम्ही जायच्या आधी."

तो धावत मागं आला.

तेवढ्यात वीज गेली.

वरच्या खिडकीत दिवा होता.

तो गुडघ्यांवर बसला, वाकला. हिरवं दार लावलेलं होतं. खाली जिना नव्हता.

दाराच्या उंबऱ्यावर चपलांचा जोड काढून ठेवला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता.