चष्म्याच्या दुकानातला ड्रॅगन

जवळचं वाचायच्या तक्त्यावर चष्मेवाल्याच्या ताईने चहा सांडला, म्हणून त्याने गडबडीत गल्ल्याखालचं एक पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. पुस्तक त्याचंच होतं — टोपणनावाने लिहिलेलं, पदरमोड करून छापलेलं आणि आजवर कोणीही न मागितलेलं.

गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर.

"हनुवटी जरा वर. श्वास घ्या, चष्मा आहे, लगाम नाही," म्हणत त्याने चष्मा चढवला. तिने पान उघडलं... आणि खुदकन हसली.

"स्पष्ट दिसतंय ना?"

"थांबा हो. ड्रॅगन गुहेच्या दारात अडकलाय."

दुसऱ्या दिवशी ती हजर. "डावीकडे अंधुक वाटतंय. तेच पुस्तक द्या, म्हणजे ताडून बघता येईल."

काचेत काही दोष नव्हता. पण सांगतो कोण? मग कधी दांडी टोचायची, कधी चष्मा घसरायचा. ती खिडकीशी वाचत बसायची, आणि तिच्या गालाला खळी कुठल्या ओळीवर पडते ते बघत हा तीच ती फ्रेम पुसायचा.

"आग ओकणाऱ्याचे दात इतके पांढरे? लेखकाला दातांतलं ओ की ठो कळत नाही."

"बिचारा दातांच्या डॉक्टरांना भीत असेल."

ती गेल्यावर ताई म्हणाली, "पुस्तक संपलं की हिचा चष्मा आपोआप बरा होणार. त्याआधी बोल काय ते."

तेच तर त्याला खात होतं. पुस्तक आपलं आहे हे सांगावं, तर ती पुढे भिडेखातर हसेल. न सांगावं, तर पुस्तक मिटून निघून जाईल.

शेवटी तिने पुस्तक मिटलंच.

"कसं वाटलं?" त्याने फ्रेमलाच विचारलं.

"शेवट भित्रा आहे. ड्रॅगन राजकन्येला चष्मा बसवून देतो आणि मनातलं न सांगता उडून जातो."

"तो... घाबरला असेल."

"तुम्ही घाबरलात. चष्मा बसवताना तो राजकन्येला म्हणतो, 'हनुवटी जरा वर. चष्मा आहे, लगाम नाही.' असं बोलणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही."

त्याचे कान तापले. "मग रोजची ती तक्रार..."

"चष्मा उत्तम आहे. तक्रार दुकानदाराबद्दल होती. शेवट बदला."

ताईला अचानक मागच्या खोलीत काम आठवलं. तो बुटांकडे बघत राहिला. "उद्या संध्याकाळी... काही तक्रार नसली तरी... तळ्यापर्यंत, चालत..."

"हनुवटी जरा वर," ती म्हणाली. "आणि श्वास घ्या. मी हो म्हणणार आहे."