नेली गॉर्सवरचा आळ

"चोर सापडलेला आहे," लेडी ऑगस्टा म्हणाल्या. "वर इस्त्रीच्या खोलीत कोंडून ठेवलाय. तुम्ही फक्त माझे पाचू शोधा. एक वाजता इन्स्पेक्टर येतील आणि तिला घेऊन जातील."

मिस विनिफ्रेड स्टोक यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. रविवारी सकाळी फोन करून चाळीस मैलांवरून बोलवायचं आणि निकाल मात्र आपणच लावून मोकळं व्हायचं! मिस स्टोक यांनी अशाच बड्या घरांतल्या पोरींना शिकवण्यात वीस वर्षं घालवली होती, आणि गेली दहा वर्षं त्या खासगी चौकशीची कामं करत होत्या. उत्तर आधी ठरवून मग प्रश्न विचारायची या लोकांची खोड त्यांना चांगली ठाऊक होती. तरी दर वेळी त्यांचं डोकं तितकंच फिरे.

"कोण ती?"

"नेली गॉर्स. माझी खास मोलकरीण. सात वर्षं आहे. पेटीची किल्ली तिच्याच गळ्यात असते. आणखी काय हवं?"

"बरोबरच आहे," मिस्टर हर्बर्ट डनॉक पुटपुटले. हे मिस स्टोक यांचे मेहुणे, दातांचे निवृत्त डॉक्टर. मोटार तेच चालवत, म्हणून प्रत्येक चौकशीला हजर असत, आणि कुणी मत विचारण्याची वाट पाहत नसत.

हकीकत साधी होती. शनिवारी संध्याकाळी जेवणासाठी तयार होताना लेडी ऑगस्टांनी दागिन्यांची पेटी उघडली आणि पुन्हा बंद केली. बुटांच्या खोक्याएवढी पोलादी पेटी. आठाच्या सुमाराला त्या खाली उतरल्या आणि नेली शाल इस्त्री करायला गेली. नऊ वाजता ती बिछाना घालायला आली, तेव्हा पेटीच जागेवर नव्हती. आरडाओरडा तिनंच केला.

"पेटीत काय काय होतं?"

"पाचूंचा हार. सासूबाईंचा. आज दुपारी तो माझ्या मुलीच्या, कॉर्डेलियाच्या गळ्यात घालायचा होता. लॉर्ड हार्टॉपशी तिचं लग्न ठरल्याचं आज जेवताना जाहीर करणार आहोत."

"आणखी?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"अहो, शनिवारच्या टपालाचं एक पत्र होतं. रविवारी मी पत्रं उघडत नाही, ही वडिलांच्या घरची शिस्त. बाहेर राहिलं की मोह होतो, म्हणून पेटीत टाकते आणि सोमवारी वाचते. घरात सगळ्यांना माहीत आहे. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा हॉटेलचं पाकीट होतं, जाहिरात असणार. त्याचा इथं काय संबंध?"

"टपाल आधी कुठं ठेवतात?"

"खालच्या मेजावर. येताजाता जो तो चाळत असतो. या मुलांना कसली आलीय शिस्त!"

नेली गॉर्स इस्त्रीच्या खोलीत ताठ बसली होती. वय तिशीचं, डोळे कोरडे.

"किल्ली काल माझ्या गळ्यात होती आणि आजही आहे," ती म्हणाली. "बाई, तुरुंगाचं मी एक वेळ सोसेन. पण उद्या सुटले तरी शिफारसपत्राचं काय? मालकिणीच्या हातचं चांगल्या चालीचं पत्र नसेल, तर मला कोण दारात उभं करील? सात वर्षं केली, ती गेली पाण्यात."

मिस स्टोक यांना तिला धीर द्यावासा वाटला, पण खोटा धीर त्यांना देता येत नसे.

"तुझं काम आज कोण करतंय?"

"गावातल्या पॉट्सबाईंना आणलंय म्हणे. त्या कोंबड्या पाळतात. मोठ्या घरात आयुष्यात पाऊल टाकलं नसेल त्यांनी."

गच्चीवर दोन तरुण पाहुणे उन्हात पसरले होते. इमोजेन रेव्हनेल ही कॉर्डेलियाची मैत्रीण. टोबी फॅरंट कुणाचा कोण हे कुणालाच नीट सांगता येत नसे. तो प्रत्येक मेजवानीला असे आणि त्याच्या खिशात कधी काही नसे.

"आल्या!" टोबी ओरडला. "बाई, भिंग विसरलात की काय?"

"काल आठ वाजता तुम्ही कुठं होता?"

"आरशासमोर, टायशी कुस्ती खेळत. टाय जिंकला."

"मी खोलीत," इमोजेन जांभई देत म्हणाली. "सगळेच आपापल्या खोलीत होते हो. उशिरा उतरलो सगळे."

"आणि आज सकाळी?"

"नाश्त्याला मी, हा आणि बेसिल हार्टॉप. तिघंच. नऊ वाजता पावडर लावून, हसरा चेहरा करून! त्या दुसऱ्या पाहुण्या, मिसेस लीथ, मात्र अंथरुणात लोळत टोस्ट खाणार. का? तर त्यांना नवरा आहे. लेडी ऑगस्टांच्या घरात बिनलग्नाच्या पोरींनी खालीच यायचं. मी तर नुसत्या त्या ट्रेसाठी लग्न करणार आहे."

"मिस कॉर्डेलिया?"

"डोकं धरून पडली होती. आलीच नाही खाली."

मिस स्टोक यांनी राग गिळला. एका बाईची अब्रू टांगणीला लागली होती आणि इथं टायच्या कुस्त्या चालल्या होत्या.

"ऑगस्टमध्ये कुठं होता तुम्ही लोक?"

"स्कॉटलंडला. आणखी कुठं असणार?" इमोजेन म्हणाली. "आख्खा महिना. बेसिल पक्षी मारत होता आणि आम्ही पाऊस मोजत होतो. शेवटी कंटाळून वस्तू शोधायचा खेळ लावला. पोलिसाची शिट्टी, हरणाचं शिंग, जिवंत बदक, लग्नाचा दाखला. टोबी आणि कॉर्डी जिंकले. आमचं घोडं बदकावर अडलं."

"लग्नाचा दाखला कुठून आणलात?"

"सरहद्दीवर एक लोहार देतो," टोबी म्हणाला. "हौशी लोकांसाठी. मजा असते ती, बाई."

"मग सगळे एकदमच परत आलात?"

"छे! कॉर्डीचा पाय मुरगळला, ती पंधरा दिवस मागं राहिली. आणि हा राहिला मासे धरायला," इमोजेन हसली. "एक मासा आणला नाही मेल्यानं."

जिना उतरताना हर्बर्ट म्हणाले, "विनी, कळलं! पेटी टोबीनं लपवली. पुन्हा तोच शोधायचा खेळ चाललाय."

"खेळ असता तर पोलिसांचं नाव निघताच पेटी बाहेर आली असती, हर्बर्ट."

"मग नेलीच. किल्ली तिच्याकडे आहे."

"हो ना," मिस स्टोक वैतागून म्हणाल्या. "तेच तर."

स्वयंपाकघरात आचारीणबाईंचा पारा त्यांच्याही वर होता.

"नेलीला कोंडलं आणि माझी कंबर मोडली! पॉट्सबाई घंटा वाजली की धावत येतात, ट्रे नेतात, पुन्हा धावत येतात. कुणाचा म्हणून विचारायला मला उसंत आहे का? लेडीसाहेबांचा कोरडा टोस्ट अर्धा परत. मिसेस लीथचा गार झाला म्हणून अख्खा परत. एक ट्रे तेवढा चाटूनपुसून आला बघा. दोन अंडी, मासा, सगळं साफ! चला, कुणाला तरी माझ्या हातची चव आहे."

कॉर्डेलिया मागच्या बैठकीत खिडकीशी बसली होती. बावीस वर्षांची, देखणी, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. तिच्या उजव्या हाताची दोन नखं मुळापासून तुटली होती.

"मी काही पाहिलं नाही," प्रश्नाआधीच ती म्हणाली.

"फार उतरलाय चेहरा. सकाळी काही खाल्लंत का?"

"घाससुद्धा नाही. नेलीला असं कोंडल्यावर घशाखाली उतरेल तरी कसं?"

"मग आईंना सांगा की, तिला सोडा म्हणून."

"आईला?" कॉर्डेलिया कसंनुसं हसली. "आईला आजवर कुणी काही सांगितलंय?"

मिस स्टोक यांनी आणखी चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं "नाही" आली. खोली सोडताना सव्वाबारा झाले होते, आणि त्यांना दार आपटावंसं वाटलं. त्यांनी ते आपटलंही.

साडेबारा वाजता सगळे ग्रंथालयात जमले. मिस स्टोक यांच्या हट्टामुळे नेलीलाही आणलं होतं. लॉर्ड बेसिल हार्टॉप शेकोटीला पाठ करून उभा होता आणि जेवण कधी एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"पाचू सापडले?" लेडी ऑगस्टांनी विचारलं.

"सापडतील. आधी नेलीचं बोलू. किल्ली तिच्याकडे, म्हणून चोर ती, असं तुम्ही सगळे म्हणता. मी उलट म्हणते. तिला चोरायचंच असतं, तर तिनं किल्लीनं हार काढून घेतला असता, पेटी बंद करून जागेवर ठेवली असती, आणि आज दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. एवढी अवजड पेटी उचलून कोण नेईल? ज्याच्याकडे किल्ली नाही तो."

हर्बर्टनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आता हार. तो या टापूत सगळ्यांना ओळखू येतो. विकायला गेलं की पकडलंच. मग पेटीत दुसरं काय होतं? एक पत्र. काल टपालाच्या मेजावर ते कुणीतरी पाहिलं. हात घालायच्या आत ते लेडी ऑगस्टांकडे गेलं आणि पेटीत पडलं. सोमवारी ते उघडणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे त्या माणसाकडे रविवारपर्यंतच वेळ होता."

"जाहिरातीसाठी?" लेडी ऑगस्टा फणकारल्या.

"हॉटेलं जाहिरातीच पाठवतात असं नाही. पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंबद्दलही लिहितात." मिस स्टोक यांनी घंटेची दोरी ओढली. "या घरात आज अंथरुणात नाश्ता कोणाकोणाला मिळायला हवा होता?"

"हा काय प्रश्न झाला? मला आणि मिसेस लीथना. आमच्या दोघींचीच लग्नं झालीत."

"वर ट्रे तीन गेले."

दार उघडलं. पॉट्सबाई एप्रनला हात पुसत उभ्या होत्या.

"पॉट्सबाई, ज्या ट्रेमधलं सगळं संपलं, तो कुणाला दिलात?"

"ह्या बाईसाहेबांना," पॉट्सबाईंनी कौतुकानं कॉर्डेलियाकडे बोट केलं. "घंटा वाजली म्हणून गेले. डोळेसुद्धा उघडत नव्हते बिचारीचे. म्हणाल्या, नेहमीचं आणा. मी म्हटलं, नेहमीचं म्हणजे काय गं बाई? मग आचारीणबाईंनी दिलं ते भरभरून नेलं."

इमोजेनचं हसू ओठांवरच राहिलं.

"नेली असती तर चमकली असती," मिस स्टोक म्हणाल्या. "पण नेलीला तुम्ही कोंडलं होतं. मिस कॉर्डेलिया, घासही खाल्ला नाही असं मला सांगितलंत. दोन अंड्यांसाठी कोण खोटं बोलतं? त्या ट्रेचा अर्थ मागाहून ज्याला कळला तो. रात्रभर पेटीशी झटून नखं तुटली, पहाटे झोप लागली, आणि अर्धवट झोपेत तुम्ही तेच केलंत, ज्याची पंधरा दिवसांत सवय लागली होती. स्कॉटलंडच्या हॉटेलात रोज सकाळी ट्रे येत होता. मिसेस म्हणून."

"तो दाखला खोटा आहे," टोबी घाईनं म्हणाला. "मजा होती ती!"

"तिकडच्या कायद्याला मजा कळत नाही, मिस्टर फॅरंट. साक्षीदारांसमोर दोघांनी 'हो' म्हटलं की लग्न लागलं. दोघांपैकी एकानं तिथं एकवीस दिवस काढलेले हवेत, आणि तुम्ही महिना काढला होता. तुम्हालाही ते माहीत आहे, नाहीतर पंधरा दिवस मासे धरायला राहिला नसता. पेटी आणा, मिस कॉर्डेलिया."

कॉर्डेलिया उठली. टोपीच्या मोठ्या खोक्यातून पेटी आली. कुलपाभोवती ओरखडे होते. नेलीनं गळ्यातली किल्ली लावली. हार होता, पाकीटही होतं.

"उघडा," मिस स्टोक म्हणाल्या.

"आज रविवार आहे," लेडी ऑगस्टा म्हणाल्या.

मिस स्टोक यांनी कपाळावर हात मारला. खरोखरच मारला.

"उघडू नकोस आई," कॉर्डेलिया म्हणाली. "मी ब्रेसलेट विसरले होते तिथं. त्याच्यावर आपल्या घराचं नाव कोरलंय. मिसेस फॅरंटचं म्हणून लिहिलं असणार त्यांनी. मी पत्र काढून पेटी परत ठेवणार होते. मग नेलीनं आरडाओरडा केला, आणि मग... मला धीर झाला नाही."

"तिला पोलीस नेणार होते," मिस स्टोक म्हणाल्या. "तेवढा धीर झाला?"

लॉर्ड बेसिलनं घसा साफ केला, मोटार मागवा म्हणून सांगितलं आणि तो बाहेर गेला. लेडी ऑगस्टा मात्र तोवर सावरल्या होत्या.

"ठीक आहे. इन्स्पेक्टरना कळवा, पेटी सापडली. हे लग्नाचं वकील बघतील, या भिंतींबाहेर काही जाणार नाही. नेली, कामाला लाग. मी तुला माफ केलंय."

"कशाबद्दल, बाईसाहेब?"

लेडी ऑगस्टा हारातले पाचू मोजू लागल्या.

"मी आज जातेय," नेली म्हणाली. "मला शिफारसपत्र द्या."

"आज मुळीच नाही. तू का गेलीस म्हणून लोक विचारतील. राहिलीस तर तुझं भलं आहे. गेलीस तर पत्र नाही."

मिस स्टोक यांचा संताप अनावर झाला. सगळं कोडं सोडवून हाती काय, तर ही बाई पुन्हा इस्त्रीच्या खोलीतच! "लेडी ऑगस्टा, तुम्हाला लाज—" त्यांनी सुरुवात केली, पण नेलीनं हात वर करून त्यांना थांबवलं. ती कॉर्डेलियाकडे वळली.

"मग तुम्ही लिहा."

"मी? माझ्या पत्राला कोण विचारतं नेली? कुमारिकेच्या शब्दावर कुणी मोलकरीण ठेवतं का?"

"कुमारिकेच्या नाही ठेवत," नेली म्हणाली.

कॉर्डेलियानं टोबीकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. मग ती मेजाशी बसली आणि लिहू लागली. नेली सात वर्षं या घरात होती, प्रामाणिक होती, तिच्यावर आलेला आळ खोटा होता. खाली सही करताना तिचा हात थांबला.

"कॉर्डेलिया," लेडी ऑगस्टा म्हणाल्या, "ही बया तो कागद दारोदार दाखवत फिरेल. सही पाहील त्याला लग्नाचं कळेल."

"हो, आई."

तिनं सही केली आणि कागद पुढं केला. नेलीनं तो उभ्यानंच दोनदा वाचला.

"तारीख राहिली, मिसेस फॅरंट," ती म्हणाली.

कॉर्डेलियानं कागद परत घेतला आणि तारीख घातली.