अडलंय कुठे?

प्रयोगशाळेतल्या कंपनमुक्त मेजावर एके काळी लेझरचे आरसे मांडलेले असत. आता तिथे डॉ. शर्मिष्ठा केळुसकरांचं लिंबाचं लोणचं बरणीत मुरत होतं. बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी ते मेज थरथरत नसे. एवढाच काय तो त्याचा उपयोग उरला होता.

संभाजीनगरच्या या भौतिकी संस्थेत कित्येक वर्षांत कुणी प्रयोग केला नव्हता. गरजच नव्हती. तळमजल्यावर उकलयंत्र होतं. आजवरची सगळी मोजमापं त्याच्या पोटात होती आणि कुठलाही नवा प्रयोग ते आतल्या आत, प्रतिप्रयोग म्हणून, करून बघायचं. प्रश्न नेमका असला की उत्तर बाहेर. नेमका नसला की पडद्यावर दोनच शब्द: प्रश्न धूसर.

"तिसरा प्रश्नपण गेला," त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी ऋजुता बोराडे दारातूनच म्हणाली.

"किती वेळ टिकला?"

"मी चहा आणायला गेले होते मॅडम. आले तर उत्तर तयार. चहा गरमच होता."

केळुसकर मॅडमनी तिच्या हातातला कप घेतला. दुसरं काय करणार? नियम साधा होता. पीएच.डी.चा विषय म्हणजे एक प्रश्न. तो आधी उकलयंत्राला द्यायचा. धूसर ठरला तर बाद. आठवड्याच्या आत सुटला तरी बाद, कारण सुटलेल्या प्रश्नावर पदवी कोण देणार? नेमका आणि तरीही अवघड, एवढ्या सांदीत पीएच.डी. राहत असे.

उकलयंत्राचे प्रमुख डॉ. इनामदार रोजच्यासारखे जेवणाआधी आले आणि चमचा घेऊन बरणीकडे वळले. "हिचा दोष एकच आहे केळुसकर. ही फार स्वच्छ विचारते."

"मग काय घाण विचारू का सर?"

"थोडं गढूळ विचार. पाच वर्षांपूर्वीचा तो पवार, त्याचा प्रश्न त्यालाच कळला नव्हता. टिकला ना आठवडा? आज प्रश्नकार आहे, बॅटरी कंपनीत."

प्रश्नकार ही भौतिकीवाल्यांना उरलेली एकमेव नोकरी. उकलयंत्राला सगळं येत होतं, कुतूहल तेवढं नव्हतं. ते आपणहून काही विचारत नसे. म्हणून औषधवाले, बॅटरीवाले, हवामानवाले, सगळे आपापल्या उकलयंत्रांपाशी माणसं ठेवत. पण पीएच.डी. असलेलीच. शुक्रवारी ऋजुताचा एखादा प्रश्न यंत्रात टिकून नसला तर जालन्याला परत जाऊन बँकेच्या परीक्षेला बसायचं, असं तिच्या पप्पांशी ठरलं होतं.

"काय विचारू, ते यंत्रालाच विचारावं मग," ती वैतागून म्हणाली.

"मी विचारलं होतं. यंत्र आलं तेव्हा, गंमत म्हणून." इनामदारांनी बोट चाटलं. "प्रश्न धूसर."

ते हसत गेले. ऋजुता मात्र हसली नाही. तिचे डोळे भरलेले मॅडमना दिसले आणि त्यांनी आयुष्यभर अडलेल्या प्रत्येक पोराबाबत जे केलं तेच केलं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला होता, त्यावर लिहिलेलं: अडलंय कुठे? अडलेल्याने तिथे एका ओळीत, नेमकं लिहायचं. त्यांनी खडू पुढे केला.

ऋजुताने लिहिलं, 'काय विचारावं ते कळत नाही.'

"काय म्हणजे? कसला प्रश्न हवाय तुला?"

"चांगला."

"चांगला म्हणजे?"

"ज्याच्या उत्तरानं सगळ्यात जास्त कळंल, असा."

"जास्त मोजायचं कशानं?"

ऋजुताने हातातला खडू फिरवला. मग सावकाश म्हणाली, "तुम्हीच शिकवलं की मॅडम. एन्ट्रॉपी म्हणजे आपल्या अज्ञानाचं माप."

मॅडमनी दुसरा खडू कधी उचलला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एकीनं लिहायचं, दुसरीनं पुसायचं, पुन्हा लिहायचं. किती वर्षांनी त्यांचे हात पांढरे झाले होते. जेवणाची घंटा झाली ती ऐकूच आली नाही. शेवटी चौकोनात एक ओळ उरली: आजवरच्या सर्व मोजमापांनंतर शिल्लक असलेलं आपलं अज्ञान सर्वाधिक घटवील असा प्रश्न कोणता? खाली, अज्ञान मोजायचं सूत्र.

"हाच देऊ का?"

याला विषय म्हणावं का, याची मॅडमना खात्री नव्हती. पण ओळ सुरेख होती, आणि पोरगी निदान आठवडाभर तरी बँकेपासून लांब राहिली असती. त्यांनी सही केली.

या वेळी यंत्र धूसर म्हणालं नाही. उत्तरही दिलं नाही. आठवडाभर तळमजल्यावरून एक घुमारा येत राहिला. खिडकीच्या काचा किणकिणायच्या. बरणी तेवढी स्थिर. आठवडा सरला आणि ऋजुताची नोंदणी झाली. रिवाजाप्रमाणे तिचा विषय त्याच सकाळी संस्थेने जगजाहीर केला.

दुपारी पप्पा पेढे घेऊन आले. बॅटरीचं दुकान बंद ठेवून आले होते. "मॅडम, मार्गाला लागली म्हणायची का आमची?"

"लागली हो," मॅडम म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांना फार बरं वाटलं.

तेवढ्यात इनामदार आले. बरणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"उत्तर आलं."

"मुदत टळल्यावर ना? मग नोंदणी राहते."

"राहते." ते स्टुलावर बसले. "उत्तर म्हणजे एक प्रश्न. इतका सुंदर प्रश्न आपल्यापैकी कुणाला सुचला नसता. त्याने तो लगेच सोडवलाही. तो सुटला तसं अज्ञान घटलं, म्हणजे हिचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा. त्याने पुढचा काढला. तोही सोडवला. जेवायला गेलो तोवर शेकड्यांनी झाले."

"बंद करा."

"आपलं यंत्र करू हो बंद. पण विषय सकाळी जाहीर झालाय. बॅटरीवाल्यांनी हीच ओळ त्यांच्या यंत्राला दिली. औषधवाल्यांनीही." त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "पवारचा फोन आला होता. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय सगळ्या प्रश्नकारांना."

पप्पांना त्यातलं फारसं कळलं नाही. उघडा पेढ्यांचा पुडा हातात धरून ते एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. "म्हणजे नोंदणी पक्की आहे ना सर?"

"पक्की आहे," इनामदार म्हणाले. "अगदी पक्की."

ऋजुता फळ्याकडे बघत होती. चौकोनातली ओळ अजून कुणी पुसली नव्हती.

"मॅडम, आता मी पुढं काय करू?"

सवयीने मॅडमचा हात खडूकडे गेला. खडू तिच्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "अडलंय कुठे, ते एका ओळीत..." आणि थांबल्या. त्यांनी हात मागे घेतला, खडू मुठीत मिटला. खालचा घुमारा चालूच होता. 'पुढं काय करू' हे नेमकं लिहिलं असतं तर त्याचंही उत्तर मिळालं असतं, आणि ते बँकेच्या परीक्षेपलीकडचं नसेल हे त्यांना यंत्राशिवायही कळत होतं.